थंडीची निहारी आणि रमजान एकाच हंगामात : मोहल्ल्यातील हॉटेलवाल्यांनी हिशेब आताच मांडावा

मोहल्ल्यातील हॉटेलचा गल्ला बारा महिने सारखा भरत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निहारी आणि पाया खाणाऱ्यांना बाकड्यावर जागा मिळत नाही. रमजानमध्ये मध्यरात्र उलटली तरी शेगडी थंड होत नाही. आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याच बाकड्यांवर दुपारी वेटर डुलक्या घेत असतात. दोन तेजीच्या हंगामांवर वर्षभराचे भाडे, कारागिरांचे पगार आणि मालकाचे घर चालते. या पानाचे अनेक वाचक या धंद्यात आहेत. त्याहून अधिक वाचक या धंद्याला माल आणि हुन्नर पुरवतात : कुरेशी बांधव, नानबाई, मसालेवाले, भांडीवाले, कल्हईवाले. त्या सर्वांपुढे एक साधा पण महत्त्वाचा हिशेब आम्ही मांडत आहोत.

थंडी सूर्याच्या चालीने येते, रमजान चंद्राच्या. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंची फेरी पूर्ण करतो. गेली पंचवीसेक वर्षे रमजान थंडीच्या बाहेर होता. त्यामुळे हॉटेलवाल्याला वर्षातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी, चांगली कमाई होत असे. आता रमजान पुन्हा थंडीत शिरत आहे. म्हणजे दोन तेजी मिळून एकच होणार आणि मंदीचे महिने लांबणार. ही गोष्ट फायद्याची की तोट्याची, हे ज्याच्या त्याच्या तयारीवर राहील.

बारा हांड्यांचा ओटा

मुंबईत हा धंदा जवळून पाहायचा तर भेंडीबाजार, बोहरी मोहल्ला आणि मुहम्मद अली रोडच्या गल्ल्यांत जावे लागते. आम्ही थंडीच्या दिवसांत इथल्या लहान हॉटेलांत अनेकदा जेवलो आहोत. पाटी जुनी, टेबले चार-सहा, भिंतीला आरसा, आणि दाराशीच तो ओटा. ओट्यात हांड्या गळ्यापर्यंत बसवलेल्या असतात, खालून आंच असते. नाव ‘बारा हांडी’ असले तरी प्रत्येक ठिकाणी मोजून बारा असतीलच असे नाही. एकीत पाया, एकीत नळी, एकीत सुका, एकीत पिचोटा म्हणजे शेपटीचे मांस, अशी वाटणी असते. ओट्यामागे बसलेला उस्ताद गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे न पाहता दोन-तीन हांड्यांतून पळी फिरवतो, रस्सा एका ताटलीत मिसळतो, वर नळीतला मगज ठोकून काढतो. सोबत तंदूरमधून आलेली लांब खमिरी रोटी, चिरलेले आले, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. एवढेच. सॅलड नाही, पापड नाही, मोठे मेनू कार्डही नाही.

खरे सांगायचे तर या जेवणाची चव पहिल्या घासाला कळत नाही. पहिला घास नुसताच गरम लागतो. तिसऱ्या-चौथ्या घासाला ओठ एकमेकांना चिकटू लागतात, तेव्हा समजावे की हाडातला चीक रश्श्यात उतरला आहे. हा चीक मैदा किंवा मक्याचे पीठ घालून आणता येत नाही. काही ठिकाणी रस्सा लवकर दाट व्हावा म्हणून पीठ सढळ हाताने घालतात आणि वर लाल रंगाचे तेल सोडतात. दिसायला ताटली झकास, पण थंड होताच त्याची लापशी होते. जुने गिऱ्हाईक अशा हॉटेलात दुसऱ्यांदा पाय ठेवत नाही. निहारीत गव्हाचे पीठ पडतेच, पण ते शेवटी, थोडे, भाजून आणि पाण्यात कालवून.

‘निहारी’ हा शब्द अरबी ‘नहार’ म्हणजे दिवस या शब्दावरून आला. रात्रभर शिजवायचे आणि फज्रची नमाज आटोपून आलेल्याला खाऊ घालायचे, असे हे सकाळचे अन्न आहे. याचा पहिला गिऱ्हाईक शौकीन खवय्या नव्हे. हातगाडी ओढणारा, मशीद बंदरात पोती उचलणारा, रात्रपाळी संपवून आलेला मजूर हा त्याचा पहिला गिऱ्हाईक. त्याला दुपारपर्यंत भूक लागू नये, हा या पदार्थाचा मूळ हिशेब. म्हणूनच यात जनावराचे जे भाग स्वस्त, कठीण आणि हाडाचे, तेच वापरले जातात. स्वस्त माल आणि भरपूर वेळ, यातून किमती चव. कारागिराला हे तत्त्व समजावून सांगायची गरज नाही. लाकडाच्या तुकड्यातून किंवा कापडाच्या चिंध्यांतून तोही हेच करत असतो.

मसाला म्हणाल तर बडीशेप, सुंठ, पिंपळी, जायपत्री, वेलची, मिरे, लवंग. प्रत्येक उस्तादाचे प्रमाण वेगळे आणि ते तो कोणाला सांगत नाही. मशीद बंदरच्या मिर्ची गल्लीतले व्यापारी मात्र कोण काय किती नेतो यावरून अर्धे गुपित ओळखतात.

मराठवाड्यातील वाचकांना इथे आपला नान-खलिया आठवला असेल. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) हे जेवण मुहम्मद बिन तुघलकाच्या लष्कराबरोबर आले असे सांगितले जाते. तुघलकाने राजधानी दौलताबादेत हलवली ती १३२७ च्या सुमारास. लष्कराला एकाच वेळी मोठ्या देगेत शिजणारे आणि मोठ्या नानबरोबर वाढता येणारे अन्न हवे असते, ही गोष्ट त्या सांगण्याला पटेलशी आहे. तिथे खलिया लग्नाच्या पंगतीत आणि हॉटेलात दोन्हीकडे चालतो. त्यामुळे तिथला हॉटेलवाला ऋतूवर कमी आणि लग्नसराईवर अधिक अवलंबून असतो. मुंबईच्या निहारीवाल्याला तो आधार नाही.

हांडी बदलली नाही, तिच्या आतले आणि खालचे बदलले

गेल्या दहा-बारा वर्षांत या धंद्यावर दोन मोठे बदल येऊन गेले. पहिला मार्च २०१५ चा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ पासून बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून ‘बडे का’ म्हणजे फक्त म्हशीचे. म्हशीच्या मांसाचा धागा जाड. त्याला आंच अधिक वेळ लागते. काही हॉटेलांनी बकऱ्याच्या मांसाकडे वळून पाहिले, पण त्या भावात मजुराची ताटली बसत नाही. मजूर गेला तर पहाटेचा धंदा गेला. बहुतेकांनी म्हशीचे मांस धरून शिजवण्याचा वेळ वाढवला, हे आमच्या मते योग्यच झाले.

दुसरा बदल इंधनाचा. मुंबईतील हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर जाण्यास सांगितले. त्यापाठोपाठ महानगरपालिकेने कोळशाचे तंदूर असलेल्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. रोटीच्या तंदूरला हा बदल जड गेला. निहारीच्या हांडीला त्याहून जड, कारण निखाऱ्याची आंच तासागणिक आपोआप कमी होत जाते आणि निहारीला नेमके तेच हवे असते. गॅसची ज्योत रात्रभर एकसारखी राहते आणि तळाला एका जागी चटका देते. यावर उपाय महाग नाही. ज्योत आणि हांडी यांच्यामध्ये जाड लोखंडी तवा ठेवावा, झाकण कणकेने लिंपावे, आणि दोन-तीन तासांनी ज्योत हाताने कमी करावी. एवढ्यासाठी रात्री एक जागता माणूस लागतो. पूर्वी निखाऱ्यावर सोडून उस्ताद झोपत असे. आता त्या झोपेची किंमत पगारात मोजावी लागते.

हवा पालटली की ताटली पालटते

उन्हाळ्यात या हॉटेलांत काय खावे, याचे उत्तर हॉटेलवाल्यांनाही नीट सापडलेले नाही. होळीनंतर पायाची मागणी घसरते. फालुदा, थंड शरबत, दही यांचा धंदा शेजारचा दुकानदार करतो. काही जण दाल-गोश्त आणि पांढरा भात यावर दुपार काढतात. कैरी घातलेले दाल-गोश्त उन्हाळ्यात फार छान लागते, पण घरोघरी होते म्हणून हॉटेलात मागितले जात नाही.

पावसाळ्याची गोष्ट निराळी आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणे खरी संधी तिथे पडून आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते. कोकणी मुसलमानांच्या घरांत तेव्हा सुकट, सुके बोंबील, खारी मच्छी निघते. मासळीवर चालणाऱ्या हॉटेलांचे ताट आखडते. पावसात भिजून आलेल्या माणसाला गरम, दाट, चमच्याने खाता येईल असे काही हवे असते. ते म्हणजे खिचडा. फोडलेला गहू, जव, तांदूळ, तीन-चार डाळी आणि मांस एकत्र शिजवून घोटायचे, वर तळलेला कांदा, पुदिना, लिंबू. हैदराबादच्या हलीममध्ये मांस घोटून एकजीव करतात, आपल्या मुंबईच्या खिचड्यात तुकडा हाताला लागतो. हैदराबादवाल्यांनी २०१० साली आपल्या हलीमला भौगोलिक निर्देशांक मिळवला आणि रमजानमध्ये तो डबाबंद करून परगावी पाठवण्याचा मोठा धंदा उभारला. आपला खिचडा मात्र मुहर्रमच्या देगेत आणि हॉटेलातल्या एका कोपऱ्यातल्या हांडीतच राहिला.

खिचड्याचे व्यापारी गणित निहारीपेक्षा सोपे आहे. त्यात धान्य अधिक, मांस कमी. धान्य साठवता येते. मांस दोन दिवस मिळाले नाही तर हांडी बंद पडते, पण डाळ-गव्हाची बेगमी तीन महिन्यांची करता येते. तो घरी करायला कटकटीचा, कारण घोटताना हात भरून येतो. म्हणून लोक विकत घेतात. आणि तो डब्यातून नेता येतो, रोटीसारखा वातड होत नाही.

तारखांचे गणित

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २०२५ साली भारतात पहिला रोजा २ मार्चला झाला, २०२६ साली १९ फेब्रुवारीला. पुढे २०२७ मध्ये ८-९ फेब्रुवारी, २०२८ मध्ये २८-२९ जानेवारी, २०२९ मध्ये १६-१७ जानेवारी आणि २०३० मध्ये ५-६ जानेवारीच्या सुमारास रमजान सुरू होईल. त्याच २०३० मध्ये २६-२७ डिसेंबरला आणखी एक रमजान लागेल, म्हणजे एका इंग्रजी वर्षात दोनदा. २०३१ मध्ये १६ डिसेंबरच्या आसपास, २०३२ मध्ये ४-५ डिसेंबरला. चंद्रदर्शनाप्रमाणे एखाद्या दिवसाचा फरक पडेल, हे सांगायला नको. असे यापूर्वी १९९७ ते २००० या काळात झाले होते. १९९७ च्या जानेवारीत रमजान होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा चंद्र दिसण्याची वेळ आली होती. तेव्हा ओट्यामागे उभे असलेले उस्ताद आता साठी-सत्तरीचे आहेत. ज्यांचे वडील वा चाचा या धंद्यात होते त्यांनी त्या चार वर्षांचा अनुभव त्यांच्याकडून ऐकून घ्यावा, वह्या जपल्या असतील तर काढून पाहाव्यात. तरुण मालकांपैकी कोणीही थंडीतला रमजान गल्ल्यावर बसून पाहिलेला नाही.

थंडीच्या रमजानमध्ये एक मोठी सवलत आहे आणि ती घड्याळाची आहे. २०१६ साली रमजान ७ जूनला लागला. मुंबईत तेव्हा इफ्तार सव्वासातच्या आसपास आणि सहरी साडेचारच्या सुमारास संपायची. मध्ये नऊ तास आणि थोडी मिनिटे. जानेवारीच्या सुरुवातीला इफ्तार सव्वासहाच्या आत-बाहेर आणि सहरी पावणेसहाच्या पुढे संपते. मध्ये साडेअकरा तास. म्हणजे विक्रीची रात्र सव्वादोन तासांनी मोठी. जूनमध्ये तरावीह आटोपून बाहेर पडेपर्यंत साडेदहा होत आणि लोकांना पहाटेची काळजी लागे. जानेवारीत तरावीहनंतर सबंध रात्र पुढे असते. गिऱ्हाईक आरामात बसते, घरच्या मंडळींना घेऊन येते, दोनदा मागवते.

शिवाय निहारीचा पहाटेचा गिऱ्हाईक नाहीसा होत नाही, तो फक्त अलीकडे सरकतो. जो मजूर एरवी साडेसहाला येऊन बसतो, तो साडेचारला येईल. उन्हाळ्याच्या रमजानमध्ये दहाला जेवलेल्या माणसाला चारला भूक नसते. चहा-पाव, खजूर, दूध यावर तो सहरी भागवतो. थंडीत रात्रीचे जेवण आणि सहरी यांत मोठे अंतर पडते, त्यामुळे सहरी खरीखुरी पोटभर होते. निहारीसाठी यापेक्षा चांगली वेळ नाही. तेव्हा हांडी पहाटे चारला तयार हवी, सहाला नव्हे, आणि ती चढवण्याची वेळही तेवढीच मागे न्यावी लागेल. नेमका इफ्तारच्या गर्दीचा तोच सुमार असतो. एका ओट्यावर दोन्ही कामे होणार नाहीत. ज्याच्याकडे मागे दोन जादा चुली ठेवायला जागा आहे, तो पुढे राहील.

एक सावधगिरी. संध्याकाळी तयार झालेला रस्सा पहाटेपर्यंत कोमट राहू देऊ नये. ६० अंशांच्या खाली उतरलेले मांसाचे अन्न तासन् तास ठेवले तर ते बिघडते, मग थंडी असो की उन्हाळा. हांडी अखेरपर्यंत हात पोळेल इतकी गरम हवी.

अडचणी कोठे येतील

पहिली अडचण मालाची. जनावराला पाय चारच असतात, जीभ एक आणि भेजा एक. मागणी दुप्पट झाली म्हणून पाये दुप्पट होत नाहीत. आजवर थंडीतली मागणी आणि रमजानची मागणी वेगवेगळ्या महिन्यांत उठत असे, त्यामुळे भाव सांभाळला जाई. दोन्ही एकदम उठल्या की नळी आणि पाये यांचा भाव चढणार, आणि ज्याचा कुरेशी बांधवांशी जुना, रोखीचा व्यवहार आहे त्यालाच माल मिळणार. उधारी थकवणाऱ्याचा नंबर शेवटी लागेल.

अनेक जण यावर आगाऊ पैसे देऊन माल बांधून घेण्याचा विचार करतील. शरीअतमध्ये आगाऊ खरेदीचा एक मार्ग आहे, तो बै सलम. प्रेषित (स.) मदिनेत आले तेव्हा तिथले लोक खजुरांसाठी एक-दोन वर्षांचे पैसे आधी देत असत, त्यांनी माप, वजन आणि मुदत ठरवूनच तसे करावे, अशी शिकवण दिली. पूर्ण रक्कम करारावेळीच द्यावी लागते, मालाचा प्रकार, प्रत, वजन आणि देण्याचा दिवस ठरवावा लागतो. गहू, डाळी, तांदूळ यांसाठी हा व्यवहार अगदी चपखल आहे आणि सूदी कर्जापासून दोन्ही बाजूंना वाचवणारा आहे. शेतकऱ्याच्या किंवा लहान व्यापाऱ्याच्या हाती वेळेवर रक्कम पडते, हॉटेलवाल्याला भाव बांधून मिळतो. मात्र मुंडकी आणि पाये यांच्या बाबतीत हनफी फकीहांनी सलम जाइज मानलेला नाही, कारण एक पाया दुसऱ्यासारखा नसतो, लहान-मोठ्याचा वाद राहतो. म्हणून पायासाठी आगाऊ रक्कम देताना आपल्या आलिमांना विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. कोकणातील शाफई बांधवांनी आपल्या मसलकाप्रमाणे विचारून घ्यावे. भावाची बोली आणि रोजच्या रोज रोख चुकवण्याचा शब्द, एवढ्यावरही चांगला पुरवठा टिकतो, हे आम्ही अनेक दुकानांत पाहिले आहे.

दुसरी अडचण माणसांची. या हॉटेलांत काम करणारे बरेच कारागीर उत्तर प्रदेश-बिहारचे. ईदला ते गावी जातात आणि महिनाभर येत नाहीत. ईद मार्च-एप्रिल किंवा जूनमध्ये होती तेव्हा त्यांची सुट्टी मंदीत पडत होती, कोणाचे नुकसान नव्हते. २०३० साली ईद ४-५ फेब्रुवारीच्या आसपास येईल आणि २०३१ साली जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा थंडी अजून असेल, गिऱ्हाईक पाया मागत असेल आणि ओट्यामागे माणूस नसेल. दोन तुकड्यांत सुट्टी देण्याची बोली आधीच करावी. जो ईदला थांबेल त्याला जादा मोबदला आणि नंतर अधिक दिवस. मजुराची मजुरी घाम वाळण्याआधी देण्याची शिकवण आपण मंचावर फार सांगतो. साडेअकरा तासांच्या रात्रीत दोन पाळ्या एकाच पोराकडून काढून घेणाऱ्या हॉटेलात तिची आठवण व्हावी.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण उरलेल्या महिन्यांची. आजवर थंडीची कमाई रमजानपर्यंत पुरे आणि रमजानची कमाई पुढच्या थंडीपर्यंत. आता फेब्रुवारीपासून पुढच्या डिसेंबरपर्यंत एकच हौद. बकरी ईदनंतर आठ-पंधरा दिवस घरोघरी मांस असते आणि हॉटेल ओस पडते, ती मंदीही हळूहळू मे आणि मग एप्रिलच्या उन्हाळी मंदीत मिसळून जाईल, तेवढे बरे. परंतु मुहर्रमचा खिचडा, जो २०२५ साली ६ जुलैला ऐन पावसात होता, तो २०२९-३० मध्ये मे महिन्यात सरकेल. म्हणजे पावसाळ्यात खिचड्याची आठवण करून देणारा दिवसही राहणार नाही. ती आठवण हॉटेलवाल्यालाच करून द्यावी लागेल.

म्हणून आमची सूचना अशी की २०२८ उजाडण्याआधीच्या पावसाळ्यांत खिचड्याचा जम बसवून घ्यावा. आठवड्यातून एक दिवस ठरवावा. जुम्मा सर्वांत सोयीचा, कारण नमाजनंतर माणसे आपोआप एकत्र असतात. हांडी संपली की संपली, दुसरी चढवू नये. पुढच्या जुम्म्याला गिऱ्हाईक लवकर येते. डबा घरून आणणाऱ्याला एक पळी जास्त द्यावी. प्लास्टिकच्या डब्याचा खर्चही वाचतो आणि बायाबापड्यांना हॉटेलात यावे लागत नाही, मुलगा डबा घेऊन येतो. यंत्रमागाच्या भिवंडी-मालेगावात तर कारखान्यांच्या सुट्टीच्या वेळेशी हा दिवस जुळवता येईल. घरपोच सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे दलाली खाते पाहूनच त्यांच्याकडे वळावे. निहारीसारखा पदार्थ त्यांच्या पिशवीतून जाईपर्यंत निम्मा थंड होतो आणि नाव आपले खराब होते.

हौद एकच असेल तर त्याला कुलूपही हवे. थंडी-रमजानच्या गल्ल्यातून जकातीचा हिशेब आधी, मग कारागिरांचे देणे, मग सहा महिन्यांचे भाडे बाजूला काढून ठेवणे, हे जमले तर मे-जूनमध्ये सावकाराच्या दारी जाण्याची पाळी येणार नाही. आपल्या अनेक चांगल्या हॉटेलांचे शटर पडले ते स्वयंपाक बिघडल्यामुळे नव्हे, मे महिन्यात घेतलेल्या कर्जाच्या व्याजामुळे.

या सगळ्यात एका कारागिराचे दिवस पालटू शकतात आणि तो म्हणजे कल्हईवाला. निहारीची हांडी तांब्याची, आतून कथलाने मढवलेली. पायधुनीच्या तांबाकाट्यावर अशी भांडी आजही मिळतात. कल्हई झिजली की आंबट-खारट रस्सा थेट तांब्याला लागतो आणि अन्न बाधते. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे कल्हईवाल्यांची पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागली. भाता, नवसागर, कापसाचा बोळा आणि कथलाची कांडी घेऊन बसणारा माणूस मोहल्ल्यात शोधावा लागतो. भांडे तापवून, नवसागर फिरवून, कथील एका झटक्यात सर्वत्र पसरवणे हे दिसायला सोपे आणि करायला वर्षे घेणारे काम आहे. दोन हंगामांत दोनदा होणारी कल्हई आता एकाच वेळी सर्वांना हवी असेल. हॉटेलवाल्यांनी हांड्या रजबमध्येच कल्हईला द्याव्यात. आणि कल्हईवाले बांधवहो, तुम्ही आपल्या मुलाला किंवा भाच्याला येत्या दोन वर्षांत भात्यावर बसवा. शाबानमध्ये जी रांग लागेल ती एका माणसाच्या हाताने उरकणारी नसेल.